न मागितलेले दुसरे पाऊल

२५ एप्रिल २०२४ च्या रात्री डेट्रॉइटमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा सोहळा, सुरू झाला आणि कॉलेजच्या मैदानांवरून आलेली पहिली चौदा नावे पुकारली गेली, ती एकजात आक्रमक फळीतली निघाली. असे पूर्वी कधी झाले नव्हते. बचाव फळीतला पहिला खेळाडू, लायातू लातू, इंडियानापोलिसने घेतला तो पंधरावा. बातमीदार हा विक्रम एका ओळीत आटोपेल. पण आपण चवीने वाचणारे असू, तर या चौदा नावांपाशी थोडे रेंगाळायला हवे. माणसांच्या अंगी असलेले, एकमेकांशी सुतराम न जुळणारे गुण एका उभ्या रांगेत बसवण्याची जी विलक्षण कला या खेळाने जोपासली आहे, तिचा इतका भरजरी नमुना वारंवार हाती लागत नाही.

एकदा वरून खाली वाचून पाहू. केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे: तिघेही क्वार्टरबॅक, म्हणजे डाव मांडणारे आणि चेंडू फेकणारे सूत्रधार. मग मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर, रिसीव्हर, झेलणारा. जो ऑल्ट, टॅकल, म्हणजे फेकणाऱ्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना थोपवणारा. मलीक नेबर्स, रिसीव्हर, जे. सी. लेथम, टॅकल. मायकल पेनिक्स ज्युनियर, पुन्हा क्वार्टरबॅक, रोम ओडुन्झे, रिसीव्हर, जे. जे. मॅकार्थी, क्वार्टरबॅक, ओलू फशानू, टॅकल, बो निक्स, क्वार्टरबॅक. तेरावा ब्रॉक बॉवर्स, टाइट एंड, जो थोडा झेलणारा आणि थोडा अडवणारा असतो. चौदावा टालीसे फुआगा, टॅकल. ही रांग कुणा एकाच्या हातची नाही, हेही मनात धरावे. प्रत्येक संघाच्या बंद खोलीत भिंतीवर आपापली क्रमवारी लावलेली असते, तिला ते नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. अशा बत्तीस भिंती एकमेकींपासून लपवलेल्या, आणि जगाला दिसते ते प्रत्येकीवरचे फक्त एकेक नाव, तेही पाळी येईल तेव्हा. गत हंगामातला सर्वांत दुबळा संघ आधी निवडतो, अर्थात त्याने आपली पाळी विकून टाकली नसेल तर. म्हणून ही यादी वाचताना नावाइतकेच त्याच्या शेजाऱ्याकडे पाहावे लागते.

चौथ्या नावापाशी थांबू. हॅरिसन ओहायो स्टेटचा, पण त्याच्याआधी आपण एका नियमाकडे पाहू. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये रेषेच्या काठावर झेल घेताना एक पाऊल मैदानात टेकले की झेल ग्राह्य धरतात. व्यावसायिक लीगमध्ये दोन्ही पावले टेकावी लागतात. आता कॉलेजची टेप लावावी. चेंडू उंच आणि बाहेरच्या अंगाला आला आहे, रिसीव्हरचे सारे शरीर रेषेपलीकडे कलले आहे, चेंडू बोटांत आला आहे आणि एक पाऊल गवतावर पडलेही आहे. नियमाचे देणे इथे फिटले. पण त्याच क्षणी काही मोजक्या खेळाडूंचा मागचा पाय, घोटा ताणून, बुटाचे टोक खाली वळवून, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गवतातून हलकेच ओढला जातो. कुणी मागितले नव्हते असे ते दुसरे पाऊल. पंच त्याची दखल घेत नाही, गुणफलकावर त्याने काही बदलत नाही. मात्र वरच्या मजल्यावर वही घेऊन बसलेला स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा, नेमके तेवढेच टिपतो. मला वाटते, क्रमवारी लावण्याच्या या साऱ्या उद्योगातले सौंदर्य त्या बुटाच्या टोकाशी एकवटलेले आहे: नियमाने, प्रशिक्षकाने किंवा त्या दिवसाच्या गरजेने जे मागितलेच नाही, ते या देहाने आपणहून केले का?

असेच दुसरे सूक्ष्म लक्षण हातांचे. कच्चा रिसीव्हर चेंडू येताना दिसला की हात वर करतो, आणि पाठीशी धावणाऱ्या बचावपटूला, ज्याला चेंडू दिसतच नाही, जणू पत्ताच देऊन टाकतो. जाणता रिसीव्हर हात शेवटच्या क्षणापर्यंत धावण्याच्या लयीतच ठेवतो, चेहऱ्यावर चेंडूची वार्ता उमटू देत नाही, आणि बचावपटूने मान वळवायच्या आत बोटे उघडून मिटलेली असतात. ही वेळ कुठल्याही घड्याळात मोजता येत नाही.

मोजमापाची हौस मात्र या मंडळींना दांडगी. दर वर्षी हंगाम संपल्यावर इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ नावाचा सोहळा भरतो. तिथे पोरांची उंची, वजन, हाताची लांबी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला पंजा, उभ्या जागेवरून मारलेली उडी, सगळे मोजले जाते. आणि सर्वांत गाजते ती ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची, सरळ धाव. तिला सगळे ‘फॉर्टी’च म्हणतात. २०२४ च्या कम्बाइनमध्ये टेक्ससच्या झेवियर वर्दीने ती ४.२१ सेकंदांत धावून विक्रम केला. ड्राफ्टमध्ये तो गेला अठ्ठाविसावा. आणि हॅरिसन? त्याने त्या वसंतात फॉर्टी धावलीच नाही, ना कम्बाइनमध्ये, ना कॉलेजच्या चाचणीत. ज्याचा वेग नोंदला गेला नाही तो चौथा, आणि ज्याच्याहून वेगवान कुणी नोंदलाच गेला नव्हता तो अठ्ठाविसावा. या दोन आकड्यांमधल्या चोवीस पायऱ्यांत घड्याळावरची श्रद्धा आणि डोळ्यांवरची श्रद्धा यांचा सारा झगडा सामावला आहे. तो एकतर्फी सुटत नाही, हे मात्र लगेच सांगावे लागेल: पहिल्या व्यावसायिक हंगामात हॅरिसनचे ६२ झेल झाले, तर सहाव्या क्रमांकाच्या नेबर्सचे १०९.

फॉर्टीचा विषय निघाला की १९८५ कडे वळल्यावाचून राहवत नाही. जेरी राइस नावाचा रिसीव्हर त्या वर्षी क्रमवारीत होता. कॉलेज मिसिसिपी व्हॅली स्टेट, इट्टा बीना नावाच्या छोट्या गावातले, धाकट्या विभागात खेळणारे. आदल्या हंगामात त्याने २७ टचडाउन, म्हणजे गोलरेषेपार पोचलेले झेल, घेतले होते, तरी दोन शंका त्याच्या नावापुढे लिहिल्या जात: समोरचे संघ दुबळे, आणि फॉर्टी संथ. दोन्ही शंका रास्त होत्या. पण सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९८४ च्या हंगामात ह्यूस्टनच्या एका हॉटेलात, दुसऱ्या दिवशीच्या सामन्याआधी, दूरदर्शन संचावर या पोराची काही दृश्ये पाहिली, आणि त्यांना दिसले ते वेगळेच होते. राइस सरळ रेषेत धावताना सामान्य वाटे. चेंडू हवेत असला की मात्र त्याची पावले लांबत, आणि वळण घेताना त्याचा वेग उतरत नसे. इतर जण वळायच्या आधी आखूड पावले टाकून गती मोडतात, तशी खूण त्याच्या पायांत सापडत नव्हती. हातांचे रहस्य घरचे होते. वडील गवंडी, उन्हाळ्यात मुले कामावर जात, खालून भावांनी भिरकावलेल्या विटा जेरी वर उभा राहून झेलत असे. वीट छातीवर घेऊन चालत नाही, ती बोटांनीच घ्यावी लागते.

त्या ड्राफ्टमध्ये राइसच्या आधी दोन रिसीव्हर गेले, अल टून दहावा आणि एडी ब्राउन तेरावा. वॉल्श यांचा संघ विजेता असल्याने त्यांची पाळी अगदी शेवटी, अठ्ठाविसावी; त्यांनी न्यू इंग्लंडला आपल्या पहिल्या तिन्ही फेऱ्यांच्या पाळ्या देऊन सोळावी आणि तिसऱ्या फेरीतली एक मिळवली आणि राइसला घेतले. पहिल्या हंगामात त्याच्या हातून झेल सुटले, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड होते, आणि तो विक्रम अजून उभा आहे. मला त्या आकड्यांहून त्याची सरावातली एक सवय अधिक मोहवते. साधा छोटा झेल घेतल्यावर बाकीचे चेंडू परत टाकून रांगेत येत. राइस दर झेलानंतर थेट गोलरेषेपर्यंत धावत जाई. पुन्हा तेच, कुणी न मागितलेले.

आता आपल्या यादीतल्या जोड्या पाहू, कारण तिथे क्रमवारी लावणाऱ्याची खरी कसोटी आहे. दुसरा डॅनियल्स आणि सहावा नेबर्स हे लुइझियाना स्टेटचे सवंगडी. एकाने फेकायचे, दुसऱ्याने झेलायचे. आठवा पेनिक्स आणि नववा ओडुन्झे हे वॉशिंग्टनचे, तेही तसेच. मैफल रंगली की पेटीवाल्याने गवयाला उचलून धरले की गवयाने पेटीवाल्याला, हे सांगताना भल्याभल्यांची जशी तारांबळ उडते, तशीच इथे. स्काउट त्यासाठी फसलेले डाव काढून बसतो. चेंडू किंचित मागे पडला, तो झेलणाऱ्याने कंबर वळवून घेतला. हा गुण झेलणाऱ्याचा. झेलणारा अजून वळायचा होता आणि चेंडू त्याच्या वळणाच्या जागी आधीच निघाला होता; हा गुण फेकणाऱ्याचा. असे शेकडो तुकडे वेगळे करून मग दोघांना दोन क्रमांक द्यायचे. मिसिसिपी व्हॅलीने या फंदात न पडता बरे केले: राइसला चेंडू फेकणारा विली टॉटन पुढे व्यावसायिक लीगमध्ये फारसा स्थिरावला नाही, पण कॉलेजच्या स्टेडियमला आज राइस आणि टॉटन या दोघांचे नाव आहे.

टॅकलचा रसास्वाद सर्वांत अवघड, आणि म्हणूनच मला सर्वांत प्रिय. आपली नजर चेंडूमागे जाते, आणि टॅकलचे काम उत्तम झाले की तिथे काही घडतच नाही. सारे बावीस खेळाडू उंचावरून दिसतील अशी एक टेप असते, तिला ‘ऑल-२२’ म्हणतात. ती लावून चेंडूकडे निग्रहाने न पाहता रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या अगडबंब माणसाचे फक्त पाय पाहावेत. चेंडू हलताच बाहेरचा पाय मागे सरकतो, आतला त्याच्या मागोमाग घसरतो, पुन्हा बाहेरचा, पुन्हा आतला. दोन्ही पाय एकमेकांना कधी ओलांडत नाहीत, नितंब खाली, पाठ सरळ, आणि हात अजून आखडलेले. समोरचा आडदांड गडी वेगाने येतो आहे, खांदा उजवीकडे झुकवून डावीकडे निसटू पाहतो आहे. टॅकलने हात आधी टाकले तर गेला, उशिरा टाकले तरी गेला. दीडशे किलोच्या आसपासच्या देहाने मागे मागे जात, जवळजवळ नाचत, तीन सेकंद कुणाला तरी निष्फळ ठरवायचे, ही कला टाळ्यांवाचून जगते.

पाचव्या क्रमांकाचा जो ऑल्ट नोट्र डेमचा. वडील जॉन ऑल्ट हेही कॅन्सस सिटीचे टॅकल, आणि जो स्वतः शाळेत टाइट एंड होता. टेपमध्ये ते दिसते: एवढ्या उंच माणसाचे पाय सहसा शरीरामागून येतात, याचे आधी पोचलेले असतात. लॉस एंजेलिसच्या चार्जर्सनी त्याला घेतले ते डाव्या बाजूचा म्हणून, आणि लावले उजव्या बाजूला, कारण डावीकडे चांगला माणूस आधीच होता. उलट लेथम आणि फुआगा कॉलेजात उजवीकडचे, त्यांना संघांनी डावीकडे नेले. बाजू बदलणे म्हणजे सारे पदलालित्य आरशात पाहून पुन्हा शिकणे. डावी बाजू मोलाची मानतात ती उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ तिकडे असते म्हणून. आणि याच यादीतला पेनिक्स डावखुरा, त्याच्यासाठी सारे मोल उलटे होते. अशा खुब्या नुसत्या क्रमांकांत कुठून उमटणार!

टॅकलवर भरवसा ठेवणे किती धैर्याचे असते याचा दाखला १९९६ चा. क्लीव्हलंडहून नुकताच बाल्टिमोरला आलेला, रेव्हन्स हे नवे नाव घेतलेला संघ, पाळी चौथी. गरज होती चेंडू घेऊन पळणाऱ्याची, आणि मालक आर्ट मॉडेल यांचा कल लॉरेन्स फिलिप्स या रनिंग बॅककडे होता. खेळाडू निवडीचे प्रमुख ऑझी न्यूसम, स्वतः एके काळचे थोर टाइट एंड, यांच्या बोर्डावर मात्र उरलेल्यांत सर्वांत वर नाव होते यूसीएलएच्या जोनाथन ओग्डेनचे. सहा फूट नऊ इंच उंचीचा टॅकल, आणि संघाकडे डाव्या टॅकलची जागा तर भरलेली. न्यूसम यांनी बोर्डाचे ऐकले. ओग्डेन पहिले वर्ष शेजारच्या गार्डच्या जागी खेळला, आणि एकूण बारा हंगामांत अकरा वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. आपल्या हॅरिसनचे वडील, थोरले मार्व्हिन हॅरिसन, त्याच ड्राफ्टमध्ये एकोणिसावे गेले होते आणि त्यांच्या आधी तीन रिसीव्हर. पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचले ते थोरले हॅरिसन.

दहावा मॅकार्थी हे या यादीतले सर्वांत गूढ वाक्य. मिशिगनचा हा क्वार्टरबॅक विजेत्या संघाचा खरा, पण त्याला फेकायला फारसे सांगितलेच जात नसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेन स्टेटविरुद्ध त्याने साऱ्या सामन्यात आठच पास टाकले, आणि मिशिगनने अधिकृत नोंदीप्रमाणे सलग ३२ डाव पळूनच खेळले. आता याला वाचायचे कसे? जे लिहिलेच नाही त्यावरून हस्ताक्षर ओळखायचे. त्या मोजक्या आठांतला एखादा, पाठीमागे धोका असताना पावले न हलवता टाकलेला, एवढ्यावर भिस्त. उलट निक्सकडे ६१ कॉलेज सामन्यांची विक्रमी सुरुवात, वाचून वाचून शंका काढाव्यात इतका मजकूर. दोघांत दोन पायऱ्यांचे अंतर.

मिशिगन म्हटले की तिथलाच, पुढे या खेळातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी आलाच. ती कथा इतकी घासलेली आहे की एका बाजूने तेवढी पाहतो. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी गेले, तो १९९ वा. त्याच्याविषयीचा अहवाल बारीक अंगकाठी, मंद पाय, बेताचा हात असे म्हणत होता, फॉर्टी ५.२८ सेकंद, आणि गंमत अशी की यातले एकही विधान खोटे नव्हते. विशेषणे सगळी अचूक, वाक्य चुकलेले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ऑरेंज बोल या कॉलेज सामन्यात अलाबामाविरुद्ध चौदा गुणांची पिछाडी दोनदा भरून काढत त्याने ३६९ यार्ड फेकले होते, ते सगळ्यांनी पाहिले होते. न्यू इंग्लंडचे क्वार्टरबॅक-प्रशिक्षक डिक रेबाइन यांनी त्याची शिफारस केली. ब्रेडीने संघाची सूत्रे हाती घेण्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट २००१ मध्ये, ते वारले. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी मला नेहमी आठवण होते ती त्यांची.

या विशेषणांना अंकांत बांधायचा पहिला मोठा प्रयत्न एका भारतीयाचा आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसावे. १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँट यांनी आयबीएमशी संधान बांधले, तेव्हा काम आले सलाम कुरेशी या भारतात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे. अमेरिकन फुटबॉलचा त्यांना गंधही नव्हता, आणि तेच पथ्यावर पडले. प्रशिक्षक ज्याला एका शब्दात ‘चांगला’ म्हणत, त्याचे त्यांनी तुकडे पाडायला लावले. उंची, वजन, वेग मोजता येत होतेच. उरलेल्या अमूर्त भागातून पाच गुण निघाले: चारित्र्य, चपळाई आणि अंगावरचा ताबा, झुंजार वृत्ती, बुद्धीची तल्लखी, ताकद आणि स्फोटकता. स्काउटने निबंध लिहायचा नाही, एकेक साधे विधान या पोराला किती लागू पडते ते अंकांत सांगायचे. शरीर बघून मोहित होणाऱ्या डोळ्याला ‘चारित्र्य’ हा वेगळा रकाना भरायला लावणे, यातली खोच अस्सल समीक्षकाची आहे. ते दुसरे पाऊल कुठल्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न मात्र अजून खुला आहे. मी तरी ते चारित्र्यातच लिहीन.

बॉवर्सपाशी लांबण लावत नाही. जॉर्जियाचा हा टाइट एंड तेरावा गेला तो केवळ त्याच्या जागेला भाव कमी म्हणून, आणि लास व्हेगसकडून पहिल्याच हंगामात ११२ झेल घेऊन त्याने नवोदितांचा विक्रम केला.

आता उरली ती गैरहजेरी. या चौदांत एकही रनिंग बॅक नाही, आणि ही अनुपस्थिती सबंध यादीतले सर्वांत बोलके स्थान आहे. एके काळी ज्याच्यासाठी मालक हट्ट धरत, त्या जातीचा पहिला खेळाडू, टेक्ससचा जोनाथन ब्रुक्स, २०२४ मध्ये सेहेचाळिसावा गेला. पळणारे लवकर झिजतात, त्यांचे यश पुढच्या पाच धटिंगणांचे असते, असा व्यवहारी हिशेब त्यामागे आहे. आणि त्याच हंगामात न्यूयॉर्कने सोडून दिलेल्या साक्वॉन बार्कलीने फिलाडेल्फियासाठी २,००५ यार्ड पळून हिशेबनिसांची झोप उडवली. पुढच्या वर्षीच्या बोर्डांवर बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी होता, २,६०१ यार्डांचा, आणि त्याच्या टेपमधला एकच तपशील मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. डाव सुरू होण्याआधी बहुतेक रनिंग बॅक गुडघ्यांवर हात टेकून वाकतात. हा दोन्ही हात मोकळे सोडून ताठ उभा राहत असे. कुणाला त्यात बेफिकिरी दिसली. मला वाटते, उंचीने बेताच्या माणसाला पुढच्या भिंतीपलीकडचे बचावपटू कुठे सरकले ते वाकून दिसत नाही, उभे राहून दिसते. लास व्हेगसला काय दिसले कोण जाणे; आदल्या वर्षी बॉवर्सला उचलणाऱ्या त्या संघाने याला सहावा घेतला.